जोड कोण लावतो? : मुष्टियोद्ध्यांच्या मोठेपणाचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी संपाचा किंवा बोनसचा इतिहास सांगणार, असे त्यांनी गृहीत धरले असावे. मी मुष्टियुद्धाचे नाव काढले तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले. कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाचा बॉक्सिंगशी काय संबंध, हा प्रश्न त्यांनी सभ्यपणामुळे विचारला नाही. पण आपल्यापैकी काहींच्या मनात तो असणार, म्हणून उत्तर देऊनच पुढे जातो. माणसाची लायकी काय, ती कोण ठरवतो आणि कशावरून ठरवतो, हे भांडण मी तीस वर्षे भांडतो आहे. मुष्टियुद्धाचे शौकीन तेच भांडण दीडशे वर्षे भांडत आले आहेत. त्यांच्या भांडणातून मला जे शिकायला मिळाले ते आपल्यापुढे ठेवायचे आहे.

जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानातून परतणाऱ्या माणसांचे बोलणे आपण ऐकले असेल. त्यात दोन वाक्ये हमखास येतात. एक, ‘अमक्याला उगीच डोक्यावर घेतलाय.’ दुसरे, ‘तमक्याला जोडच मिळाली नाही, नाहीतर दाखवले असते.’ न्यूयॉर्क, लंडन, फिलाडेल्फिया येथल्या मुष्टियुद्धाच्या शौकिनांचा सगळा वाद ह्याच दोन वाक्यांत मावतो. पहिल्या जातीच्या लढवय्याला आपण फुगवलेला म्हणू आणि दुसऱ्या जातीच्या लढवय्याला दाबलेला म्हणू. प्रश्न एवढाच, की कोण फुगवलेला आणि कोण दाबलेला हे ओळखायचे कसे?

पहिले माप आकड्यांचे. रॉकी मार्सियानो हा मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावचा, बुटांच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाचा मुलगा. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात त्याने जर्सी जो वॉलकॉटला तेराव्या फेरीत आडवे केले आणि तो हेवीवेट जगज्जेता झाला. त्या रात्री तो गुणांत मागे होता. एका ठोशाने पारडे फिरले. १९५६ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ४९ लढती आणि ४९ विजय होते, त्यांतले ४३ प्रतिस्पर्ध्याला बाद करून मिळवलेले. हार नाही, बरोबरी नाही. आकड्यांना देव मानणारा शौकीन म्हणतो, ह्यापुढे बोलायचे काय उरले?

दुसरा शौकीन लगेच विचारतो, हे सगळे खरे, पण तो लढला कोणाशी? १९५१ च्या ऑक्टोबरात त्याने जो लुईला हरवले, पण लुई तेव्हा ३७ वर्षांचा आणि पुनरागमन करणारा होता. वॉलकॉट अडतिशीचा. १९५५ साली समोर आलेला आर्ची मूरही चाळिशीच्या आसपासचा, आणि त्या म्हाताऱ्या मूरनेसुद्धा दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली बसवले होते. म्हणजे आकडा खरा असला तरी त्याच्या आत काय भरले आहे ते तपासावे लागते. आकडा मोहात पाडतो तो असा. लॅरी होम्स ४८ लढती न हरता आला आणि ४९ व्या लढतीत, सप्टेंबर १९८५ मध्ये, मायकेल स्पिंक्सकडून हरला. त्या एका रात्रीमुळे पुष्कळांच्या हिशेबी तो मार्सियानोच्या कितीतरी पायऱ्या खाली गेला. उलट फ्लॉइड मेवेदरने २०१७ साली आपला पन्नासावा विजय मिळवला तो अशा माणसाविरुद्ध, की ज्याने त्याआधी एकही व्यावसायिक मुष्टियुद्ध लढले नव्हते. पण वहीत ५० हा आकडा ५० म्हणूनच लिहिला जातो.

दुसरे माप साखळीचे. अमक्याने तमक्याला हरवले, तमक्याने फलाण्याला हरवले, म्हणून अमका फलाण्याहून मोठा. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकासारखा सरळ दिसतो. पण १९७१ साली जो फ्रेझरने महंमद अलीला हरवले. जानेवारी १९७३ मध्ये जॉर्ज फोरमनने त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडले. मग त्रैराशिकाप्रमाणे फोरमनने अलीचा चुराडा करायला हवा होता. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासा येथे अलीनेच फोरमनला आठव्या फेरीत बाद केले. साखळीचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला येऊन मिळाले आणि सगळे शौकीन पुन्हा होते तेथेच आले.

यंत्रालाही विचारून झाले. १९६९ साली अली आणि निवृत्त मार्सियानो ह्यांच्यात लुटुपुटीच्या फेऱ्या चित्रित केल्या, आणि खरी लढत झाली असती तर कोण जिंकले असते ते संगणकाकडून काढून घेतले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत निकाल दिसला: तेराव्या फेरीत मार्सियानो विजयी. तो निकाल पाहायला मार्सियानो जिवंत नव्हता. काही महिन्यांपूर्वीच विमान अपघातात त्याचा अंत झाला होता. यंत्राने नवे काही सांगितले नाही. माणसांनी त्यात भरलेली मतेच बाहेर आली.

तिसरे माप जाणकारांच्या यादीचे. नॅट फ्लायशर ह्या पत्रकाराने १९२२ साली ‘द रिंग’ हे मासिक काढले आणि १९७२ साली मरेपर्यंत मुष्टियुद्धाच्या जगात त्याचा शब्द वजनाचा राहिला. सर्व काळातल्या हेवीवेट योद्ध्यांची त्याची एक यादी प्रसिद्ध आहे. तिच्यात पहिले नाव जॅक जॉन्सनचे. कधीही न हरलेला मार्सियानो कोठे? दहावा. आणि सातव्या जागी सॅम लँगफोर्ड नावाचा माणूस आहे, ज्याच्या वाट्याला जगज्जेतेपद कधीच आले नाही आणि जो अनेकदा हरलेला आहे. पहिल्यांदा ही यादी पाहिली तेव्हा मला वाटले, छापताना घोटाळा झाला असावा. घोटाळा नव्हता. ती समजून घेण्यासाठी मला जो इतिहास वाचावा लागला, तोच खरा आजचा विषय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या निकालांवरून आपण हिशेब मांडतो, ते निकाल तरी कोण देत होते? न्यूयॉर्क राज्यात १९११ ते १९१७ पर्यंत असा कायदा होता, की मुष्टियुद्ध दहा फेऱ्यांचे होईल, पण पंचाने विजेता जाहीर करायचा नाही. कोणी बाद झाला नाही तर कागदोपत्री निकालच नाही. मग जिंकले कोण? ते सकाळच्या वर्तमानपत्रात वाचायचे. पैजेचे पैसे त्यावर चुकते होत, आणि दोन वर्तमानपत्रांनी दोन वेगळे विजेते सांगितले की भांडण पेटे. १९२० च्या नव्या कायद्याने पंचांचा निर्णय अधिकृत झाला. पण त्याआधीच्या पिढीची कारकीर्द अशा बातमीदारांच्या शाईत लिहिलेली आहे.

पुढे ‘द रिंग’ने दर वर्षी योद्ध्यांची क्रमवारी द्यायला सुरुवात केली. १९२४ सालासाठीची पहिली क्रमवारी तयार केली ती टेक्स रिकार्डने. हा रिकार्ड कोण? त्या काळचा सर्वांत मोठा प्रवर्तक, म्हणजे लढती ठरवणारा आणि तिकिटे विकणारा. आपल्या भाषेत, जोड लावणारा. जोड लावणाराच गुणवत्तेची यादी करतो, ह्यात त्या काळी कोणाला वावगे वाटले नाही. ह्याचे टोक १९७७ साली दिसले. अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी एक मोठी स्पर्धा भरवली होती आणि योद्धे निवडायचे ‘द रिंग’च्या क्रमवारीवरून. काही योद्ध्यांच्या नावावर कधी न झालेल्या लढतींचे विजय नोंदले गेल्याचे उघडकीस आले आणि स्पर्धा मध्येच थांबवावी लागली. फ्लायशर तेव्हा हयात नव्हता.

खोटी नोंद पकडता तरी येते. न झालेली नोंद कशी पकडणार? इथे मला घरची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे काय, ते तरुणांना सांगायला हवे. कायम कामगार गैरहजर असला तरच बदलीला काम. पाळीच्या वेळेला फाटकावर जाऊन उभे राहायचे. नाव पुकारले तर आत, नाहीतर घरी. महिनाअखेर हजेरीपटावर वडिलांचे कधी बारा दिवस दिसत, कधी नऊ. तो पट वाचणाऱ्याला वाटावे, हा माणूस कामचुकार आहे. बाकीचे दिवस ते फाटकावर उभे होते, हे पटावर लिहायला रकानाच नव्हता.

मुष्टियोद्ध्यांची वही हाही असाच हजेरीपट आहे. कोण लढला ते ती सांगते. कोण फाटकावर उभा राहून परत गेला, ते ती सांगत नाही.

सॅम लँगफोर्डचा जन्म १८८३ सालचा, कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात वेमथ फॉल्स ह्या खेड्यात. लहानपणीच घर सोडून तो बॉस्टनला आला आणि व्यायामशाळेत झाडलोट करता करता मुष्टियुद्ध शिकला. उंची साडेपाच फुटांच्या जरा वर. १९०३ साली, वयाच्या विशीत, त्याने हलक्या वजनाचा जगज्जेता जो गॅन्स ह्याला पंधरा फेऱ्यांत हरवले. पण लँगफोर्डचे वजन मर्यादेबाहेर असल्याने किताब पणाला नव्हता. १९०४ साली वेल्टरवेट जगज्जेता जो वॉलकॉट (हा बार्बाडोसचा, मघाचा जर्सी जो वेगळा) ह्याच्याशी त्याची लढत बरोबरीत सुटली, म्हणून किताब मालकाकडेच राहिला. १९०६ साली सुमारे तीस पौंडांनी जड असलेल्या जॅक जॉन्सनशी तो पंधरा फेऱ्या लढला आणि हरला, पण शेवटपर्यंत उभा राहिला. त्यानंतर लँगफोर्ड वाढला, भरला, आणि हेवीवेटांना लोळवू लागला. दार मात्र बंद झाले.

त्या काळी गोरे जगज्जेते उघडपणे सांगत, की आम्ही काळ्या माणसाशी लढणार नाही. ह्याला रंगाची रेघ म्हणत. १९०८ साली सिडनीत जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवून ती रेघ ओलांडली आणि तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. ४ जुलै १९१० रोजी रीनो येथे त्याने निवृत्तीतून परत आणलेल्या जेफ्रीजला हरवले तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शहरांत गोऱ्यांनी काळ्या वस्त्यांवर हल्ले केले, माणसे मारली गेली. ती लढत भरवणारा आणि पंच म्हणून उभा राहणारा टेक्स रिकार्डच होता.

आता कोणाला वाटेल, जॉन्सन राजा झाला म्हणजे लँगफोर्डचे दिवस आले. आले नाहीत. जॉन्सनने १९१५ सालापर्यंत किताब राखला, पण लँगफोर्डला पुन्हा संधी दिली नाही. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढण्यात पैसा मोठा होता आणि लँगफोर्डशी लढण्यात धोका मोठा होता. फाटकावर ताटकळलेला माणूस फाटकाच्या आत गेला म्हणजे बाहेरच्यांसाठी दार उघडतोच असे नाही; हा अनुभव आमच्या चळवळीतही नवा नाही. फ्लायशरच्या यादीतल्या पहिल्या नावाचा हिशेब करताना ही बाजू मी विसरत नाही.

मग लँगफोर्डने करायचे काय? जे त्याच्यासारखेच बाहेर ठेवलेले होते, त्यांच्याशीच तो पुन्हा पुन्हा लढला. जो जेनेट, सॅम मॅकव्ही ह्यांच्याशी डझनाहून अधिक वेळा, हॅरी विल्सशी सतरा वेळा तरी. तीच चार माणसे एकमेकांना हरवत, बरोबरीत सुटत, थोड्या पैशांसाठी गावोगाव फिरत राहिली. त्यांच्या वहीत पराभव पुष्कळ आहेत ते ह्यामुळे. तोलामोलाच्या माणसांनाच एकमेकांशी झुंजवत ठेवले तर प्रत्येकाच्या नावावर हार लागणारच. दुबळ्या जोडी निवडून बिनहार राहण्याची चैन त्यांना नव्हती.

१९१७ साली एका लढतीत लँगफोर्डच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. दुसराही अधू होत गेला. तशाही स्थितीत १९२२ साली त्याने टायगर फ्लॉवर्सला दुसऱ्या फेरीत बाद केले. हा फ्लॉवर्स चार वर्षांनी मिडलवेट जगज्जेता झाला. १९४४ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राचा बातमीदार अल लेनी लँगफोर्डला शोधत हार्लेममध्ये गेला, तेव्हा तो एका खोलीत आंधळा आणि कफल्लक असा सापडला. बातमी छापली गेली, लोकांनी वर्गणी काढली, म्हाताऱ्याची सोय झाली. १९५५ साली मुष्टियुद्धाच्या सन्मानमंदिरात त्याचे नाव कोरले गेले आणि जानेवारी १९५६ मध्ये तो वारला.

हॅरी विल्स हा न्यू ऑर्लिन्सच्या गोदीतला हमाल. १९१९ साली जॅक डेम्प्सी जगज्जेता झाला. पुढची कित्येक वर्षे त्याच्या किताबावर पहिला हक्क विल्सचा, असे पुष्कळ जाणकार म्हणत. १९२२ साली करारावर सह्या झाल्या. लढत झाली नाही. पुन्हा १९२५ साली ठरली. झाली नाही. न्यूयॉर्कच्या नियामकांनी डेम्प्सीला सांगितले, आधी विल्सशी लढ. तेव्हा डेम्प्सी-टनी लढत न्यूयॉर्कमधून हलवून फिलाडेल्फियात नेली. २३ सप्टेंबर १९२६ रोजी एक लाख वीस हजारांवर लोकांनी ती पाहिली. डेम्प्सी हरला, आणि विल्सची वाट पाहण्यात उमेदीची वर्षे गेली. जॉन्सननंतर दुसऱ्या कृष्णवर्णीयाला हेवीवेट किताबासाठी उभे राहायला मिळाले ते २२ जून १९३७ रोजी. तो जो लुई. मध्ये बावीस वर्षे गेली होती.

तिसरा माणूस मला सर्वांत जवळचा. चार्ली बर्ली, पिट्सबर्गचा. १९३६ साली हिटलरच्या बर्लिनमध्ये ऑलिंपिक भरले. त्याच्या विरोधात कामगार संघटना आणि डाव्या पक्षांनी बार्सिलोनात लोकांचे ऑलिंपिक भरवायचे ठरवले. अठरा वर्षांचा बर्ली अमेरिकेच्या संघातून बर्लिनला नव्हे, बार्सिलोनाला गेला. १९ जुलैला उद्घाटन होते. त्याच सुमारास लष्कराने बंड केले, रस्त्यावर गोळीबार सुरू झाला आणि खेळ न होताच तो परत आला. त्याची पहिली जोड इतिहासानेच मोडली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे व्यावसायिक झाल्यावर वेल्टरवेट आणि मिडलवेट गटांत त्याच्याशी लढायला जगज्जेते तयार होईनात. एप्रिल १९४४ मध्ये त्याने आर्ची मूरला अनेकदा खाली पाडून हरवले. हाच मूर १९५२ साली लाइट हेवीवेट जगज्जेता झाला. मघाशी मार्सियानोला खाली बसवणारा मूर तो हाच. आपण लढलो त्यांत बर्ली सर्वांत चांगला, असे मूर पुढे सांगत असे. बर्लीला मात्र किताबाची एकही लढत मिळाली नाही. निवृत्तीनंतर तो पिट्सबर्ग शहराच्या कचरा उचलणाऱ्या खात्यात नोकरीला होता. १९९२ साली त्याचे नाव सन्मानमंदिरात गेले आणि त्याच वर्षी तो वारला.

आता एक धोक्याची सूचना. अन्याय झाला म्हणून माणूस आपोआप मोठा ठरत नाही. दाबलेल्याला फुगवणे हाही हिशेबातला लबाडपणाच. बर्ली १९४२ साली एझर्ड चार्ल्सकडून दोनदा हरला, आणि त्यात रंगाचा प्रश्न नव्हता. दोघेही कृष्णवर्णीय होते. विल्सने अनेकदा लँगफोर्डला हरवले, हेही खरे. मार्सियानोने तर कोणाचे काही हिरावून घेतले नाही. वॉलकॉट, चार्ल्स, मूर हे त्याच्या काळातले अग्रगण्य लढवय्ये होते, आणि त्यांतले वॉलकॉट व मूर म्हाताऱ्या वयात त्याच्यापुढे आले, ह्याचे एक कारण त्यांना तरुणपणी कोणी दार उघडले नव्हते हे आहे. मार्सियानोचा आकडा खोटा नाही. तो अपुरा आहे. त्या ४९ विजयांत दुसऱ्यांची वाया गेलेली वर्षे मिसळली आहेत.

म्हणून शौकिनांना माझे सांगणे एवढेच, की तीन प्रश्न क्रमाने विचारा. हा कोणाशी लढला? ते त्याच्यासमोर कोणत्या वयात, कोणत्या स्थितीत आले? आणि तिसरा, जो बहुतेक जण विसरतात: हा कोणाशी लढलाच नाही, आणि ते कोणी ठरवले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर न झालेल्या करारांत, परत केलेल्या तिकिटांत आणि कोणा प्रवर्तकाच्या कचेरीत शोधावे लागते. फ्लायशरच्या यादीतला प्रत्येक क्रम मला मान्य आहे असे नाही. पण किताब नसलेला लँगफोर्ड सातवा आणि अजिंक्य मार्सियानो दहावा असे लिहिताना त्याने तिसरा प्रश्न विचारला असला पाहिजे, असे मला वाटते.

गेल्या महिन्यात एका कारखान्यात बढत्यांची बोलणी चालू होती. व्यवस्थापनाने प्रत्येक कामगाराच्या नावापुढे गुण मांडलेला कागद पुढे केला आणि म्हणाले, हे पाहा, आकडे बोलतात. मी त्यांना विचारले, ज्याला दहा वर्षांत त्या यंत्रावर हातच लावू दिला नाही, त्याच्या नावापुढे शून्य कोणी लिहिले? त्यांना लँगफोर्ड माहीत नव्हता. पण कागद त्यांनी परत घेतला आणि बोलणी पुढे चालू झाली.